प्लग कुठे सुटला?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

जहाजावर मला कुणी नावाने हाक मारत नसे. भारतीय खलाशी तिसऱ्या इंजिनिअरला ‘तीनसाब’ म्हणतात आणि विजेचं खातं सांभाळणाऱ्याला ‘बत्तीसाब’. व्यापारी जहाजांवर मी पंचवीस वर्षं बत्तीसाब होतो. दिवे, मोटारी, जनरेटर सगळं माझ्याकडे. पण खरं सांगायचं तर माझा निम्मा वेळ गेला तो डेकवरच्या थंड पेट्यांची नाडी बघत हिंडण्यात. या पेट्या म्हणजे शीत कंटेनर. आमच्या भाषेत ‘रीफर’. आत मासळी, मांस, फळं, औषधं. बाहेर ऊन, पाऊस आणि खारा वारा. या दोहोंच्या मध्ये चार इंच जाडीची भिंत आणि एक केबल.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी आलो होतो. निफाड तालुक्यातला माझा मावसभाऊ भेटायला आला. द्राक्ष बागायतदार. त्याच्या आणि गावातल्या आणखी चौघांच्या पेट्या मिळून एक कंटेनर युरोपला गेला होता. तिकडे पोहोचला तेव्हा कडेच्या खोक्यांतल्या मण्यांवर बुरशी दिसली. खरेदीदाराने माल घ्यायला नकार दिला आणि शेवटी तो मिळेल त्या भावाने विकावा लागला. पाच घरांचं वर्षभराचं गणित विस्कटलं. भावाने पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. त्या काळी प्रत्येक रीफरमध्ये ३१ दिवसांची एक गोल कागदी तबकडी फिरत असे आणि तिच्यावर तापमानाची रेघ उमटत असे. ही त्या तबकडीची नक्कल होती. एका जागी ती रेघ शून्याजवळून उठून सहा अंशांच्या पुढे गेली होती आणि मग पुन्हा खाली आली होती. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, तू यातला माणूस. हे बघून एवढंच सांग, प्लग कुठं सुटला?’’

प्रश्न साधा होता. पण त्याचं उत्तर शोधायला बसलं की जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

समुद्रावरून थंडी नेण्याचा पहिला मोठा धंदा बर्फाचा. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं. हा बर्फ तिथल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही त्यातला साधारण १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरचं ‘आइस हाऊस’ आजही उभं आहे. फक्त त्याचं नाव आता विवेकानंदांशी जोडलेलं आहे. या धंद्यात यंत्र नव्हतं, वीज नव्हती. थंडी साठवून न्यायची आणि वाटेत ती संपत जायची, एवढाच व्यवहार.

थंडी वाटेतच तयार करत न्यायची कल्पना १८७० नंतरची. अर्जेंटिनाहून फ्रान्सला आणि ऑस्ट्रेलियाहून लंडनला मांस नेण्याचे प्रयोग आधी झाले. पण लोकांच्या लक्षात राहिली ती ‘डुनेडिन’ या शिडाच्या जहाजाची सफर. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ते न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सहून निघालं. पोटात सुमारे ५,००० गोठवलेली जनावरं, बहुतेक मेंढ्या. जहाज वाऱ्यावर चालणारं, पण थंडीचं यंत्र कोळशावर चालणारं. दिवसाला ३ टन कोळसा जहाज हाकायला नव्हे, नुसतं मांस गार ठेवायला. धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडं पेटायची. उष्ण कटिबंधात आल्यावर लक्षात आलं की थंड हवा सगळीकडे पोहोचत नाही. तेव्हा कप्तान जॉन व्हिटसन स्वतः हवेच्या नळात शिरला आणि करवतीने नवी भोकं पाडू लागला. थंडीने तो आतच बधिर झाला. मागून गेलेल्या सहकाऱ्याने त्याच्या पायाला दोर बांधला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोहोचलं. एवढ्या मालातून फेकून द्यावं लागलं ते एकच जनावर.

या सफरीत माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की यंत्र, इंधन, माल आणि माल सांभाळणारा माणूस सगळे एकाच कवचात होते. न्यूझीलंडला दार बंद झालं ते लंडनला उघडलं. मध्ये कुणी कुणाच्या हाती काही सोपवलं नाही. चूक झाली तर कुणाची, हा प्रश्नच नव्हता. कप्तानाची.

विसाव्या शतकात वाफेची जागा हळूहळू विजेने घेतली. केळी, मांस, लोणी नेणारी खास शीत जहाजं आली. पण बंदराबाहेर, रस्त्यावर, अजून बर्फाचंच राज्य होतं. ते मोडलं फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने. लहानपणीच आईबापांविना वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेली, यंत्रविद्या स्वतःच शिकलेला. मिनियापोलिस शहरात तो सिनेमाची ध्वनियंत्रं बनवणाऱ्या एका उद्योजकाकडे नोकरीला होता. मालकाच्या एका ओळखीच्या वाहतूकदाराचा कोंबड्यांचा माल बर्फ वितळल्याने नासला, आणि त्यातून ट्रकवर शीतयंत्र बसवायची कल्पना निघाली, असं सांगतात. १९३८ च्या सुमारास जोन्सने रस्त्यावरचे धक्के सोसणारं आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारं शीतयंत्र उभं केलं. त्यातूनच पुढे ‘थर्मो किंग’ ही कंपनी झाली. जोन्स १९६१ साली वारला. १९९१ साली अमेरिकेने त्याला मरणोत्तर राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दिलं. थंडी आता जहाजाच्या पोटातून सुटून चाकांवर आली होती.

मग आला कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या वाहतूकदाराचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन निघालं. माल उतरवायचा-चढवायचा नाही, पेटीच उचलायची. सुक्या मालाला ही युक्ती उत्तम. थंड मालाला मात्र तिने नवाच पेच टाकला. पेटी आज ट्रेलरवर, उद्या बंदरात, परवा जहाजावर आणि महिन्याने भलत्याच देशात. मग तिला थंडी पुरवायची कुणी?

याला दोन उत्तरं निघाली. पहिलं असं की पेटी नुसती जाड भिंतीची करायची, आत यंत्र ठेवायचंच नाही. तिच्या टोकाच्या भिंतीला दोन गोल भोकं असत. जहाजाच्या पोटात मोठं शीतयंत्र बसवलेलं, त्याचे हवेचे नळ या भोकांना जोडायचे. एका भोकातून गार हवा आत, दुसऱ्यातून परत. १९६९ साली ब्रिटन-ऑस्ट्रेलिया मार्गावर ‘एन्काउंटर बे’ जहाजाने कंटेनर सेवा सुरू झाली, तेव्हा हीच पद्धत होती. समुद्रावर ती छान चाले. पण पेटी जहाजावरून उतरली की पोरकी. बंदरात तिला वेगळं यंत्र चिकटवावं लागे, ट्रेलरवर पुन्हा वेगळं.

दुसरं उत्तर म्हणजे प्रत्येक पेटीला तिचं स्वतःचं यंत्र द्यायचं. पुढच्या भिंतीतच कॉम्प्रेसर, पंखे, थंड हवेची जाळी, सगळं बसवायचं. इंधन मात्र सोबत द्यायचं नाही. द्यायची ती १५-१८ मीटरची केबल आणि टोकाला एक प्लग. जिथे जाल तिथे वीज मागून घ्या. वाराने जेवणाऱ्या विद्यार्थ्यासारखं. हेच उत्तर जगाने स्वीकारलं, आणि भोकांच्या पेट्या या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत इतिहासजमा झाल्या.

वाराने जेवायचं तर सगळ्या घरी तेच अन्न पचायला हवं. इथेच खरी कसोटी होती. आपल्याकडे वीज ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६० आवर्तनांची, जहाजांवर बहुधा ४४० व्होल्ट आणि ६० आवर्तनं. सुरुवातीला काही मार्गांवर २२० व्होल्टची पद्धतही होती, त्यामुळे काही पेट्यांना दोन-दोन केबली असत. पुढे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं: तीन फेज, ३२ अँपिअरचा चार पिनांचा प्लग, आणि यंत्र असं की ३८० व्होल्ट-५० आवर्तनांपासून ४६० व्होल्ट-६० आवर्तनांपर्यंत चालावं. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. ३८० ला ५० ने भागा, ७.६ येतात. ४६० ला ६० ने भागा, साधारण ७.७. व्होल्ट आणि आवर्तनं यांचं हे प्रमाण सारखं राहिलं तर एकच मोटर दोन्हीकडे न तापता चालते. फरक इतकाच की ६० आवर्तनांवर ती वीस टक्के जोरात फिरते. म्हणून तीच साधी पेटी न्हावा-शेवाच्या यार्डात जराशी संथ आणि समुद्रावर जराशी चपळ असते.

प्लगमधली अर्थिंगची पिन बाकीच्या तिघींपेक्षा जाड असते, आणि सॉकेटकडे समोरून पाहिलं तर तिची जागा घड्याळातल्या तीनच्या ठिकाणी. कारखान्यांतल्या तसल्याच लाल प्लगमध्ये ती सहाच्या ठिकाणी असते. मुद्दाम केलेला फरक आहे हा. रीफरचा प्लग दुसरीकडे घुसू नये आणि दुसरा प्लग रीफरच्या सॉकेटमध्ये बसू नये. ओल्या डेकवर रात्री ४४० व्होल्टची केबल हाताळणाऱ्या खलाशाच्या जिवासाठी. आधी स्विच बंद, मगच प्लग काढायचा, हा नियम मी प्रत्येक नव्या पोराकडून घोकून घेत असे.

तीन फेजची आणखी एक खोड सांगतो. दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. जुन्या पेट्यांमध्ये हे माणसाने तपासावं लागे. यंत्र घरघरतंय, दिवा लागलाय, सगळं ठीक दिसतंय, आणि पंखे मात्र उलटे. आत हवा हवी तशी फिरतच नाही. नंतरची यंत्रं हे स्वतः ओळखून दुरुस्त करू लागली.

आता विजेचा हिशेब. एका पेटीचं यंत्र जास्तीत जास्त १५ किलोवॅटच्या आसपास वीज ओढू शकतं, पण सतत नाही. सरासरी चारेक किलोवॅट धरा. गंमत अशी की उणे १८ अंशांवर गोठवलेल्या मासळीपेक्षा शून्यावरच्या द्राक्षांना किंवा १३ अंशांवरच्या केळ्यांना पुष्कळदा जास्त वीज लागते. गोठलेला माल मेलेला असतो. यंत्र थोडं चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. ताजं फळ जिवंत असतं, श्वास घेतं, उष्णता सोडतं. त्याच्याभोवती हवा अखंड फिरवावी लागते, थोडी ताजी हवा आत घ्यावी लागते. आणि हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरून केळी जातात तेव्हा तर हीच पेटी आतली हवा गरम करते! रीफर म्हणजे फ्रीज नव्हे. ते ठरलेलं तापमान राखणारं यंत्र आहे.

चार किलोवॅट म्हणजे दिवसाला ९६ युनिट. पंचवीस दिवसांच्या प्रवासाला सुमारे २,४०० युनिट, आणि जहाजाच्या जनरेटरमध्ये त्यासाठी जळणारं तेल साधारण अर्धा टन. पेटीत १३ टन द्राक्षं असतील तर किलोमागे चाळीसेक ग्रॅम तेल फक्त थंडीसाठी. एका पेटीचा आकडा किरकोळ वाटतो. पण २०१३ साली दक्षिण अमेरिकेच्या मार्गावर आलेल्या ‘कॅप सान’ मालिकेतल्या जहाजांवर रीफरसाठी सुमारे २,१०० सॉकेट होते. सगळे भरले तर सरासरीनेही आठ मेगावॅटच्या वर वीज लागणार. एका घराला अर्धा किलोवॅट धरला तर सोळा हजार घरांचं गाव तरंगत चाललंय म्हणायचं. जहाजाची वीज क्षणभर जाऊन परत आली आणि सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले, तर जनरेटर पुन्हा बसलाच म्हणून समजा. म्हणून पेट्या थोड्या थोड्या अंतराने जाग्या होतील अशी सोय यंत्रातच केलेली असते.

एवढी शिस्तबद्ध व्यवस्था असताना माझ्या भावाची द्राक्षं नासली कशी? त्यासाठी त्यांची वाट पाहू. पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग करून द्राक्षं शून्याजवळ आणली जातात. हे महत्त्वाचं, कारण रीफर गार माल गार ठेवतो. गरम माल पटकन गार करणं त्याचं काम नव्हे. पॅकहाऊसची वीज गेली तर तिथला जनरेटर. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर नाशिककडच्या पॅकहाऊसला त्याच्याविना गत्यंतर नव्हतं. मग ट्रेलर, त्यावरचा डिझेल जेनसेट. घाट उतरून न्हावा-शेवा. तिथे यार्डातला सॉकेट. मग क्रेन, जहाज, आमचा सॉकेट. कधी वाटेत एखाद्या बंदरात जहाजबदल, म्हणजे पुन्हा यार्ड आणि पुन्हा जहाज. मग युरोपातलं बंदर, पुन्हा ट्रेलर, शेवटी शीतगृह. मोजून पाहा. प्लग सात-आठ वेळा काढायचा आणि तितक्याच वेळा लावायचा. काढणारा वेगळा, लावणारा वेगळा, आणि दोघांची कधी भेट नाही.

मी तबकडीवरच्या तारखा जहाजाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या. रेघ चढली होती ती वाटेतल्या जहाजबदलाच्या बंदरात. एकोणीस तास. पेटी वीज नसताना लगेच तापत नाही. जाड भिंती आणि तेरा टन गार माल काही तास सहज तग धरतात. पण आतली हवा आणि कडेची खोकी आधी ऊबदार होतात. मग वीज आली की दमट हवा थंड फळावर पाणी धरते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. पहिल्या जहाजाने पेटी उतरवताना तापमान बरोबर असल्याची सही केली होती. दुसऱ्याने चढवून घेतल्यावर, यंत्र चालू झाल्यावर, सही केली होती. दोन्ही सह्या खऱ्या होत्या. एकोणीस तास त्या दोन सह्यांच्या मध्ये पडले होते.

मी भावाला सांगितलं, ‘‘कुठे सुटला ते कळलं. कुणाकडून सुटला ते कळणार नाही.’’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘म्हणजे वर्षभर आम्ही राखलं, आणि एकोणीस तास कुणीच नाही.’’

थंडीच्या वाहतुकीचा इतिहास आपण यंत्रांचा म्हणून वाचतो. मला तो जबाबदारीचा इतिहास वाटतो. ‘डुनेडिन’वर थंडी एका माणसाच्या हाती होती. आपण ती पेटीत बसवून स्वस्त केली, जगभर नेली, नाशिकच्या शेतकऱ्याला युरोपची बाजारपेठ दिली. हे थोडं नाही. पण तीच थंडी आपण आठ हातांत वाटली, आणि दोन हातांमधली जागा मोकळी ठेवली.

ही जागा किती नाजूक आहे ते २०२० साली साऱ्या जगाला दिसलं. त्या फेब्रुवारीत करोनामुळे चीनमध्ये ट्रकचालक मिळेनात. शांघाय आणि तिआंजिनच्या बंदरांत रीफर साचत गेले आणि एक दिवस सॉकेटच संपले. जागा होती, क्रेन होत्या, जहाजं होती. नव्हते ते प्लग लावायला सॉकेट. जहाज कंपन्यांना मांसाच्या, फळांच्या पेट्या दुसऱ्या बंदरांकडे वळवाव्या लागल्या, वर जादा आकारही लावले गेले. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. २०२४ च्या हंगामात युरोपला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. दहा-पंधरा दिवस म्हणजे पेटीमागे हजारभर युनिट जास्तीची वीज, आणि फळाच्या आयुष्यातले तितके दिवस कमी.

कागदी तबकडी आता गेली. अनेक पेट्या उपग्रहामार्फत स्वतःची खबर देतात. भावाची बाग आता त्याचा मुलगा पाहतो. गेल्या एका हंगामात रात्री साडेअकराला त्याचा मला फोन आला. ‘‘काका, पेटी बंदरात आहे आणि दोन तास झाले, वीज नाही असं दाखवतंय. काय करू?’’ मी त्याला म्हटलं, ‘‘एजंटाला उठव. यार्डात माणूस पाठवायला सांग. प्लग लागल्याचं कळेपर्यंत फोन ठेवू नकोस.’’ पाऊण तासाने त्याचा निरोप आला, प्लग लागला.

बापाला एकोणीस तासांचा पत्ता दोन महिन्यांनी लागला होता, मुलाला दोन तासांत लागला. एवढी प्रगती झाली खरी. पण त्या रात्रीही कुणीतरी अंधारात यार्डात चालत गेलं, केबल उचलली, पिन तीनच्या ठिकाणी आहे ना पाहिलं आणि प्लग बसवला, तेव्हाच पंखे फिरले. तो माणूस कोण, हे आम्हाला कळलं नाही. त्याला मात्र माझा नमस्कार.